लंगोटातले तांदळाचे दाणे
बाळाच्या शीमध्ये तांदळाच्या दाण्यासारखं काही दिसलं आणि ते वळवळलं, की आईच्या काळजात धस्स होतं. घरात कुत्रा-मांजर असेल, तर हे डिपिलिडियम कॅनिनम या पट्टकृमीचे तुकडे असू शकतात. वाळले की ते पिवळट, काकडीच्या बीसारखे दिसतात. कुत्र्याच्या शेपटीखालच्या केसांनाही असेच चिकटलेले सापडतात.

हा जंत कुत्र्याच्या विष्ठेतून थेट मुलाच्या पोटात जात नाही. मधला दुवा पिसवेचा असतो, गोचिडीचा नाही. पिसवेच्या अळ्या जंताची अंडी खातात. अशा अळीची पिसू झाली आणि ती रांगत्या मुलाच्या तोंडात गेली, तर महिन्याभरात आतड्यात जंत वाढतो.

त्रास बहुतेकदा किरकोळ असतो: शीच्या जागी खाज, चिरचिर, कधी पोटदुखी. मात्र याला नेहमीचे बारीक जंत समजून गोळी दिली जाते आणि गुण येत नाही. यावर प्राझिक्वांटेल लागतं, तेही डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. म्हणून तो तुकडा डबीत घालून डॉक्टरांकडे न्याच.

कुत्र्याला घराबाहेर काढू नका. त्याला जंताचं औषध द्या आणि अंथरुणासकट पिसवांचा बंदोबस्त करा. पिसवा राहिल्या, तर जंत परत येतो.