कार्डावरची तारीख

भांडगावात बाळ दीड महिन्याचं झालं की आशाताई लसीकरणाची आठवण करून देतात. सुयांबरोबर त्या दिवशी तोंडानं पाजायची रोटाव्हायरसची लसही असते. बाळ तोंड वाकडं करतं, गिळतं, झालं! जुलाबांपासून वाचवणारा हा घोट सुरक्षित आहे हे कळलं कसं, ते शोधत गेलं की आपण शिरूर तालुक्यात, भीमाकाठच्या वढू बुद्रुकला पोहोचतो. संभाजी महाराजांच्या समाधीचं हे गाव.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं संशोधन केंद्र इथं आहे. २०११ मध्ये दिल्ली, वेल्लोर आणि वढू इथं रोटाव्हॅक या भारतीय लसीची मोठी चाचणी सुरू झाली. बाळं ६,७९९. दर तिघांतल्या दोघांना लस, तर एकाला तसंच दिसणारं, पण लस नसलेलं औषध. कोणाला काय मिळालं हे आईलाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही.

डोळ्यांत तेल घालून पाहायचं होतं ते आतड्याकडे. अमेरिकेत १९९९ मध्ये आधीची एक रोटाव्हायरस लस मागे घ्यावी लागली होती. साधारण दहा हजारांतल्या एका बाळाचं आतडं आतड्यातच शिरत होतं, सदऱ्याची बाही आतल्या आत दुमडून बसावी तसं. बाळ पाय पोटाशी घेऊन कळवळतं, जरा शांत होतं, पुन्हा किंचाळतं, शी रक्ताळते. सोनोग्राफीत कांद्याच्या चकतीसारखी वर्तुळात वर्तुळं दिसतात. वेळेत कळलं तर अनेकदा हवेच्या दाबानंच ते सुटतं.

चाचणीत असं ११ बाळांना झालं : लस घेतलेल्यांत ८, दुसऱ्या गटात ३. पहिला गट दुप्पट मोठा, म्हणजे फरक जवळपास नाहीच. पण लसीमुळे दहा हजारांत एखादंच जादा बाळ आजारी पडत असेल, तर ते पावणेसात हजारांत दिसेलच कसं?

म्हणून २०१६ मध्ये लस सरकारी कार्यक्रमात आल्यावर २७ रुग्णालयांनी आतडं अडकलेल्या ९७० बाळांची नोंद केली. आणि इथली युक्ती मला अजूनही थक्क करते. ठरलेल्या वयात बसणाऱ्या बाळांची तुलना दुसऱ्या कोणाशी नाही, ज्याची त्याच्याशीच केली! डोसनंतरचे २१ दिवस एकीकडे, त्याच बाळाचे उरलेले दिवस दुसरीकडे. घर, पाणी, अंगकाठी सगळं तेच. वयाचा फरक तेवढा हिशेबात धरायचा. लसीमुळे धोका वाढत असता, तर त्या २१ दिवसांत दुखण्यांची गर्दी झाली असती. तशी गर्दी कुठल्याच डोसनंतर दिसली नाही.

एवढ्या हिशेबाला लागली ती डोसची नेमकी तारीख. सिस्टरनं पेनानं लिहिलेली, घडी पडलेल्या कार्डावरची. आई ते कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात, साड्यांखाली जपून ठेवते.