धुराची खतावणी

ऑक्टोबरचा मध्य आला की पंजाब आणि हरियाणाच्या उपग्रहीय नकाशांवर लाल ठिपके उमटू लागतात. कंबाइन यंत्राने भात कापल्यावर शेतात खुंट आणि पेंढा उरतो. तिकडे त्याला पराळी म्हणतात. भूजल वाचविण्यासाठी पंजाबने २००९ मध्ये कायदा करून भाताची लावणी जूनपर्यंत पुढे ढकलली. साहजिकच कापणीही लांबली आणि गव्हाच्या पेरणीपूर्वी शेत मोकळे करण्यास जेमतेम दोन-तीन आठवडे उरले. अशा घाईत काडेपेटीइतका स्वस्त मजूर दुसरा कोठला?

ही आग उपग्रहाला कळते ती उष्णतेवरून. सुमारे चार मायक्रॉन तरंगलांबीच्या अवरक्त किरणांत जळते शेत भोवतालच्या जमिनीहून कितीतरी तेजस्वी दिसते. धुराची ओळख मात्र निराळ्या रीतीने पटते. हवेतील कणांनी सूर्यप्रकाश किती अडविला व विखुरला, यावरून त्यांचे प्रमाण काढतात. एकापाठोपाठ घेतलेली चित्रे ओळीने लावली की करड्या धुराचा पट्टा सरकताना दिसतो. वारा वायव्येचा, उत्तरेस हिमालयाची भिंत. मग धुराला वाट उरते ती दिल्लीकडे आणि पुढे गंगेच्या मैदानात. नोव्हेंबरच्या थंड रात्री जमिनीलगतची हवा वर चढत नाही, म्हणून तो तेथेच कोंडून राहतो.

पंजाबातील आगींची सरकारी मोजणी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर अशी होते. २०२० मध्ये ती ८३,००२ होती. २०२४ मध्ये १०,९०९ वर आली. यंत्रांवरील अनुदान आणि दंडाचा धाक यांचा त्यात वाटा आहेच. परंतु नासाच्या गोडार्ड केंद्रात काम करणारे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी त्याच हंगामात एक विसंगती दाखविली. आगी जितक्या घटल्या, तितका धूर घटलेला नव्हता. ज्यांच्या नोंदींवर मोजणीचा मुख्य भार असतो, ते अ‍ॅक्वा आणि सुओमी एनपीपी हे उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातात. विषुववृत्तावर स्थिर राहून दर दहा मिनिटांनी चित्र घेणाऱ्या जीके-२ए या कोरियन उपग्रहाच्या चित्रांत मात्र त्यानंतर, दुपार कलताना, धुराचे लोट उठताना दिसले. ज्या पेढीत तपासनीस रोज दीड वाजता येऊन जातो, तेथे चार वाजता झालेला व्यवहार त्याच्या अहवालात कसा यावा?

मग स्थिर उपग्रहांवरच का विसंबू नये? अडचण अशी की ते सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर असतात. आपल्या इन्सॅट-३डीआरच्या अवरक्त चित्रातील एक चौकट चार किलोमीटर रुंदीची असते. तीत दोन-चार एकरांची आग सहज विरून जाते. सुओमी एनपीपीची चौकट ३७५ मीटरची. म्हणजे एकाची नजर बारीक पण फेरी ठरलेली, तर दुसरा अखंड जागा पण नजर जाडी.

हा वाद केवळ शास्त्रज्ञांपुरता नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला: दोन एकरांखाली ५,००० रुपये, पाच एकरांपर्यंत १०,००० आणि त्यावर ३०,०००. हरियाणाने तर पराळी जाळणाऱ्याच्या नोंदीवर लाल शेरा मारून पुढील दोन हंगाम त्याचा माल मंडईत न घेण्याचा आदेश काढला. मंडईत माल अडणे म्हणजे काय, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. उष्ण ठिपका कारखान्याच्या धुराड्याचाही असू शकतो, म्हणून जागेवर जाऊन पडताळणी करावी लागते. ती कसोशीने झाली नाही, तर दीड वाजता पेटविणारा दंड भरतो आणि चार वाजता पेटविणारा सुटतो.

दिल्लीच्या हवेत पराळीचा वाटा किती, याचा रोजचा अंदाज पुण्याच्या पाषाण भागातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची प्रणाली वर्तविते. तिच्या गणितात उपग्रहाने टिपलेल्या आगी हीच मूळ जमा असते. जमेची बाजू अपुरी राहिली, तर वाटाही कमीच निघणार.

म्हणूनच आता ठिपके मोजण्याऐवजी जळालेले क्षेत्र मोजावे, असा आग्रह वाढतो आहे. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चौकट दहा मीटरची आहे. ते काही दिवसांच्या अंतराने येतात, पण तेवढा उशीर येथे खपतो. आग कोणत्याही घटकेला लागलेली असो, नांगर फिरेपर्यंत शेत काळेच दिसते.