नाव नसलेली बोट

अमेरिकेच्या तटरक्षक दलाने या बोटीचे बारसे केलेच नाही. तिला नुसता आकडा मिळाला, सीजी ३६५००. १९४६ साली मेरीलँडमधल्या कर्टिस बेच्या गोदीत बांधलेली ही ३६ फुटी लाकडी लाइफबोट. वेग बेताचा, बसायला जागा जेमतेम बाराजणांची. बांधणाऱ्यांना ध्यास एवढाच, की उलटली तरी ती आपसूक सरळ व्हावी आणि आत शिरलेले पाणी बाहेर पडावे. म्हणून तळाला कांशाचा जड कणा बसवला होता.

१८ फेब्रुवारी १९५२च्या पहाटे केप कॉडजवळच्या हिमवादळात ‘पेंडल्टन’ हे ५०३ फुटी तेलवाहू जहाज मधोमध तुटले. युद्धाच्या घाईत वेल्डिंगने जोडलेल्या टी-२ जातीतले ते एक. त्यांचे पोलाद थंडीत ठिसूळ होई आणि सांधे अखंड असल्याने भेग सरळ धावत जाई. त्याच सकाळी त्याच जातीचे ‘फोर्ट मर्सर’ही तुटले. त्याचा बिनतारी संदेश मिळाला, मदत तिकडे धावली. ‘पेंडल्टन’ला संदेश पाठवायला सवडच मिळाली नाही. दुपारी तटरक्षक दलाच्या चॅटम स्टेशनच्या रडारवर दोन तुकडे दिसले, तेव्हा कुठे किनाऱ्याला पत्ता लागला.

ही बोट घेऊन चॅटमहून निघालेला सुकाणूवाला बर्नार्ड वेबर २३ वर्षांचा होता. सोबत अँड्र्यू फिट्झजेराल्ड, रिचर्ड लिव्हसी आणि एर्विन मास्की. मास्की तर त्या स्टेशनचा माणूसही नव्हता. आपल्या दीपनौकेवर परत जाण्यासाठी थांबला होता, तो आपणहून उठला.

बंदराच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा आहे, तिथे लाटा फुटतात. पहिल्याच तडाख्यांत पुढची काच फुटली, होकायंत्र उखडून गेले. आणि इथे बोटीची खोड उघडी पडली: फार कलंडली की पेट्रोलचे इंजिन बंद पडे. दरवेळी फिट्झजेराल्ड त्या तापलेल्या, अरुंद कप्प्यात सरपटत शिरे, भाजून घेई आणि इंजिन पुन्हा चालू करी. या बचावाचे श्रेय सुकाणूवाल्याला मिळते, ते रास्तच. पण माझ्या मते निम्मी कथा त्या कप्प्यात घडली.

अंधारात जहाजाचा मागचा अर्धा तुकडा दिव्यांसह तरंगत होता, त्यावर ३३ खलाशी. ते दोराच्या शिडीवरून उतरू लागले. वेबर बोट जहाजाला भिडवी, एकदोघांना उचली आणि आपटण्याआधी मागे घेई; असे कितीदा तरी. ३२ जण आले. एक भारदस्त खलाशी मात्र लाटेने बोट आणि जहाजाच्या मध्ये चिरडला गेला. पुढच्या तुकड्यावरचे कप्तानासह आठजणही वाचले नाहीत.

आता बोटीत ३६ माणसे, होकायंत्र नाही. रेडिओवर वरिष्ठांचा खल चालला होता, माणसे मोठ्या नौकेवर चढवावीत का वगैरे. वेबरने रेडिओ बंद केला आणि लाटा पाठीवर घेत किनाऱ्याकडे निघाला. लाल लुकलुकता बोया दिसला, तो नेमका चॅटमच्या वाटेवरचा निघाला.

पुढे सुवर्णपदकाची गोष्ट निघाली ती एकट्या वेबरसाठी, बाकीच्यांना रौप्य. त्याने साफ सांगितले, द्यायचे तर चौघांनाही तेच. तसेच झाले.

१९६८मध्ये बोट सेवेतून काढली आणि ती वर्षानुवर्षे उघड्यावर कुजत पडली. १९८१मध्ये ऑर्लीन्सच्या इतिहास मंडळाने ती घेतली, गावच्या स्वयंसेवकांनी डागडुजी करून पाण्यात उतरवली. २००२मध्ये, पन्नास वर्षांनी, वेबरने तिचे सुकाणू पुन्हा हाती धरले.