मोटरसायकलच्या चाकात सिरॅमिकच्या गोळ्या?

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, अकलोली हे गाव आहे. तेथील गरम पाण्याची कुंडे प्रसिद्ध आहेत. पावसाळ्यात या भागात मोटरसायकल चालवायची म्हणजे चिखल, खड्डे आणि साचलेले पाणी यांच्याशी गाठ ठरलेली. मग एखाद्या दिवशी चाकातून घरघर ऐकू येते. मिस्त्री चाक हलवून पाहतो आणि म्हणतो, “बेअरिंग गेले!” अशा वेळी कोणी सुचवले, की सिरॅमिकच्या गोळ्यांचे महागडे बेअरिंग बसवा, चाक हलके फिरेल, पेट्रोल वाचेल आणि गंजही चढणार नाही, तर? पैसे मोजण्यापूर्वी थोडे गणित मांडू.

बेअरिंगमध्ये दोन पोलादी कड्यांच्या मध्ये गोळ्या असतात. घासण्याऐवजी त्या गडगडतात, म्हणून घर्षण फार कमी होते. १८६९ साली पॅरिस ते रूआँ ही सायकल शर्यत जेम्स मूर याने जिंकली, तेव्हा त्याच्या सायकलला अशीच बेअरिंगे होती.

आता गाडी आणि स्वार मिळून २०० किलोग्रॅम धरा. बेअरिंगांवर भार पडतो सुमारे २,००० न्यूटन. अशा बेअरिंगचा घर्षणांक साधारण ०.००१५ असतो, म्हणजे घर्षण झाले ३ न्यूटन. पण ते आसापाशी, ७.५ मिलिमीटर त्रिज्येवर असते. चाकाची त्रिज्या ३०० मिलिमीटर, म्हणजे ४० पट. तेव्हा तरफेच्या नियमाने रस्त्यापाशी त्याचा विरोध उरतो अवघा ०.०७५ न्यूटन! रबरी सील घासत असल्याने तो काही पट वाढतो, इतकेच. आणि सिरॅमिकच्या गोळ्या घातल्या तरी सील घासायचे थोडेच थांबणार?

याउलट, ताशी ६० किलोमीटर वेगाला टायरचा विरोध सुमारे ३० न्यूटन आणि हवेचा सुमारे १०० न्यूटन असतो. म्हणजे बेअरिंगचे घर्षण अजिबात नाहीसे झाले, तरी पेट्रोलच्या खर्चात फरक जाणवणार नाही. टायरमध्ये हवा योग्य ठेवली, तर त्याहून अधिक लाभ होईल, आणि तोही जवळजवळ फुकट!

मग सिरॅमिक बेअरिंगे निरुपयोगी आहेत काय? मुळीच नाही. त्यांच्या गोळ्या बहुधा सिलिकॉन नायट्राइडच्या असतात. हा पदार्थ पोलादाहून कठीण, पण घनतेने निम्म्याहूनही कमी असतो आणि वीज वाहू देत नाही. अतिवेगाने फिरणाऱ्या यंत्रांत गोळ्या हलक्या असल्या, की त्या बाहेरच्या कड्यावर कमी जोराने दाबल्या जातात. विजेच्या मोटरींत त्या बेअरिंगमधून जाणारा घातक प्रवाह अडवतात. पण आपले चाक ताशी ६० किलोमीटरला मिनिटाला जेमतेम साडेपाचशे फेरे घेते. साधे पोलादी बेअरिंग दहा हजारांहून अधिक फेरे सहज सोसते.

राहिला गंज. सिरॅमिकची गोळी गंजत नाही, हे खरे. परंतु अशा बहुतेक बेअरिंगांची कडी पोलादाचीच असतात, आणि ती गंजतातच! शिवाय ताठर गोळी दबत नाही. त्यामुळे खड्ड्यात चाक आदळले, की सारा भार कड्यावरच्या अधिक लहान जागेवर येतो आणि तेथे खळगा पडण्याचा धोका वाढतो.

पाणी आत शिरते तरी कसे? ब्रेक लावून हब तापते, समजा ६० अंश सेल्सिअसपर्यंत. चाक पाण्यात बुडून ते ३० अंशांवर आले, तर आत कोंडलेल्या हवेचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी घटतो. सील झिजलेले असेल, तर बाहेरचे चिखलपाणी आत ओढले जाते. म्हणजे बेअरिंगचा जीव गोळीपेक्षा सीलमध्ये आणि ग्रीसमध्ये अधिक आहे. दोन्ही बाजूंना चांगले सील असलेले पोलादी बेअरिंग नीट बसवून घेणे, हाच आपल्यासाठी शहाणपणाचा सौदा.

एक प्रयोग मोठ्या माणसांच्या मदतीने करून पाहा. गाडी मधल्या स्टँडवर लावा, इंजिन बंद ठेवा. पुढचे चाक जमिनीपासून वर उचलून धरा आणि हाताने हळू फिरवा. घरघर ऐकू येते का? चाक दोन्ही बाजूंनी धरून आडवे हलवा. ते आसावर खडखडते का? तसे असेल, तर गाडी ताबडतोब दुरुस्तीला द्या. ढिले बेअरिंग चालत्या गाडीचा तोल घालवू शकते, आणि तेथे प्रश्न पेट्रोलचा नसून प्राणांचा असतो.