तीन सूत

ओळखीच्या एका शिक्षकाने फोनवर छोटीशी क्लिप पाठवली होती. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला एक पोरगा, मांडीवर आडवी टाकलेली स्वस्तातली गिटार आणि डाव्या हातात जीपच्या इंजिनातली पिस्टन पिन. वाजवत होता पहाडी. सुराला कच्चाच होता, पण एका जागी पंचमावरून वरच्या षड्जाला जाताना त्याने मींड इतकी सावकाश ओढली, की मी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. खाली शिक्षकाने लिहिलं होतं, ‘सिरोंचा. गिटार सुताराने केलीय.’ सुताराने गिटार केली म्हणजे नेमकं काय केलं, ते बघायला मी गेले.

आलापल्लीपासून सिरोंच्याचा रस्ता शंभरेक किलोमीटरचा. त्यातल्या खड्ड्यांवर इतकं छापून आलंय, की मी त्यात भर घालत नाही. सिरोंचा हे गडचिरोली जिल्ह्याचं दक्षिण टोक. प्राणहिता ओलांडली की तेलंगण, आणि इथून जवळच ती गोदावरीला मिळते. पाट्या मराठीत, घासाघीस तेलुगूत. भोवतीचं जंगल सागाचं. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३मध्ये गेलेला साग चंद्रपूर-गडचिरोलीच्याच रानातला. त्यामुळे गावात सुतार असणं नवलाचं नाही. गिटारवर हात चालवणारा सुतार मात्र मला तरी दुसरा माहीत नाही.

शेड पत्र्याची. आत दोन चौकटी, एका पलंगाचं डोकं आणि पायाखाली भुसा. सागाच्या भुशाला तेलकट, जुन्या चामड्यासारखा वास असतो. तो कपड्यांत बसतो आणि परतीच्या एसटीतही सोबत येतो. सुतार साठी ओलांडलेला. पोरं त्याला ‘अन्ना’ म्हणतात, तो मला ‘मॅडम’ म्हणाला, आणि गिटारचा विषय निघाल्यावर त्याने पहिली गोष्ट सांगितली ती ही: “तीन सूत.”

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. साध्या गिटारच्या तारा दांडीला जवळजवळ चिकटून असतात, म्हणजे बोटाने दाबल्या की लगेच खालच्या पितळी पट्टीला टेकाव्यात. तार दाबायचीच नसेल, तिच्यावरून लोखंड घसरवायचं असेल, तर तारा उचलाव्या लागतात. पोराने मोबाइलवर कुठेतरी मिलिमीटरमध्ये आकडा वाचला होता. अन्नाने पट्टी लावून बघितलं आणि तो आकडा आपल्या हिशेबात बसवला. “दोन सुतात पिन खाली ठोकते. चार सुतात गिटार रडते. तीन सूत लागते.” गिटार रडते म्हणजे ताण वाढून पोटावरची घोडी उचकटायला लागते. हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. त्याच पोराची पहिली गिटार त्याने तशी घालवली होती, हे त्याने स्वतःहून सांगितलं.

मी गेले तेव्हा दुसऱ्या गिटारचं काम चालू होतं. तारा ढिल्या केल्या, दांडीच्या टोकाची प्लास्टिकची पट्टी पटाशीने उचकटून काढली. तिच्या जागी बसवायला शिसमाचा तुकडा, कुठल्याशा मोडक्या पलंगाच्या पायाचा. साग का नाही? “साग नरम. तार त्यात उतरते.” रंधा मारून, घासून तुकडा तीन सुतांचा झाला. पुढचं काम सहा खाचांचं. ते मात्र मी मांडी घालून बघत बसले.

खाच पाडायला हॅकसॉचं पातं. जाड तारेला जरा रुंद, बारीक तारेला नुसती रेघ. साध्या गिटारची दांडी किंचित गोलसर असते, ताराही त्या गोलाईने चालतात. इथे ती गोलाई चालत नाही. पिन सरळ आहे, म्हणून सहाही तारांचे माथे एका पातळीत यायला हवेत. आणि तारा जाडीने वेगवेगळ्या, म्हणजे जाड तारेची खाच तितकीच जास्त खोल. एक खाच केसभर जास्त गेली, तर ती तार पिनेला लागत नाही आणि झर्र आवाज करते. अन्ना दोन घास मारायचा, तार ताणायचा, वर काचेचा तुकडा आडवा ठेवायचा आणि डोळा मिटून उजेडाकडे बघायचा. तिसऱ्या तारेवर, काचेखाली उजेड दिसला. तुकडा काढून फेकला, दुसरा शिसम घेतला, पहिल्यापासून सुरुवात. मी म्हटलं, जरा लाकडाचा भुसा आणि फेविकॉल भरून चाललं नसतं का? त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुढे काही सुचवलं नाही.

दुसऱ्या वेळी काचेखाली उजेड आला नाही. अन्नाला वाजवता येत नाही. त्याने पिन तारांवर ठेवली, एका बोटाने जाड तार छेडली आणि पिन टोकापासून मध्यापर्यंत सरकवली. आवाज कुठेही न अडकता वर चढत गेला. मग उलट. मग पुन्हा. गिऱ्हाईक बाहेर चौकटीचं माप घेऊन उभं होतं, आणि हा माणूस पुरतं अर्धं गाणं होईल इतका वेळ एकच तार वर-खाली करत होता. सिरोंच्याहून आल्यावर मला पोराच्या पहाडीपेक्षा हेच जास्त आठवतं.

पोराचं म्हणाल, तर तो चर्चमध्ये गिटार वाजवतो. ब्रिटिश अमदानीत सिरोंच्याला अमेरिकन मेथडिस्ट मिशनचं ठाणं होतं. अमेरिकेतल्या भक्तिगीतांच्या चाली या नदीकाठी पोचल्या त्या तेव्हाच्या. तीन-चार कॉर्डवर चालणारी, सगळ्यांनी मिळून म्हणायची ती गाणी. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांतल्या संगीताची अर्धी मुळं असल्या प्रार्थनागीतांतच आहेत. तर हा त्यावर वाढलेला. मग कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून त्याला ‘कॉल ऑफ द व्हॅली’ मिळाली.

ही रेकॉर्ड १९६७ची, एचएमव्हीची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काबरांची गिटार, तबल्याला माणिकराव पोपटकर. काश्मीरमधल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळा धरून मांडलेला: अहिर भैरव, नट भैरव, पिलू, भूप, देस, पहाडी. सगळी रेकॉर्ड मिळून एकच गोष्ट सांगायची ही कल्पना तेव्हा आपल्याकडे नवीच होती. तिचे निर्माते जी. एन. जोशी, आपल्या विदर्भाचे. मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांची ‘रानारानांत गेली बाई शीळ’ गाऊन भावगीताची वाट पाडणारे हेच जोशी पुढे एचएमव्हीत गेले. ‘स्वरगंगेच्या तीरी’ हे त्यांचं पुस्तक ज्यांनी वाचलं नसेल, त्यांनी जुन्या बाजारात शोधावं. रागदारीच्या मोठ्या नावांच्या पंगतीला त्यांनी एक परदेशी वाद्य बसवलं, आणि ते बसलं.

ते बसलं कसं, हा माझा खरा प्रश्न. कारण फ्यूजन म्हणून जे कानावर पडतं, त्यातलं बरंचसं मला सहन होत नाही. आधी तू वाजव, मग मी वाजवतो, शेवटी दोघं मिळून जोरात, आणि टाळ्या. एकाने दुसऱ्याच्या घरात पाऊलच टाकलेलं नसतं. काबरांचं तसं नव्हतं. जोधपूरचा हा माणूस अली अकबर खाँसाहेबांचा शिष्य. गिटारची खरी मिरासदारी कॉर्डची; त्यांनी तिच्यावर पाणी सोडलं आणि गिटारकडून एकच गोष्ट मागून घेतली: मींड. ती मिळायला गिटार आडवी टाकून तारेवर लोखंड फिरवावं लागतं.

हे लोखंड फिरवणं कुठल्याही दरबारातलं नाही. हवाईचा जोसेफ केकुकू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शाळकरी पोर होता. रुळालगत सापडलेला बोल्ट त्याने तारेवर घासला आणि पुढे शाळेच्या वर्कशॉपात पोलादी कांडी बनवून घेतली, असं सांगतात. १९०३च्या सुमाराला मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट बघताना डब्ल्यू. सी. हँडी यांना एक काळा माणूस सुरी घासून गिटार वाजवताना दिसला. ब्लूजच्या इतिहासात तो प्रसंग कायमचा जाऊन बसला. इतरांनी बाटलीचा गळा वापरला. १९४०च्या दशकात टाउ मो नावाचा हवाईयन गिटारवाला कोलकात्यात राहून वाजवत होता, शिकवत होता. पुढे व्हॅन शिपलेंच्या गिटारवरची सिनेमाची गाणी रेडिओमुळे घरोघर गेली. बोल्ट, सुरी, बाटली. या यादीत जीपची पिस्टन पिन मला अजिबात परकी वाटत नाही. तिच्यासारखं गुळगुळीत पोलाद बाजारात शोधायला गेलात तर महाग पडेल. सिरोंच्याच्या गॅरेजवाल्याने ती फुकट दिली.

पोराच्या मनातला बेत मोठा आहे. प्राणहितेवरच्या ढिवराचा एक दिवस: पहाटे जाळं टाकण्यापासून रात्री डोंगा बांधेपर्यंत. सहा तुकडे. वहीत सगळं लिहून ठेवलंय, रागाचं नाव आणि समोर चर्चमधल्या ज्या गाण्याची चाल त्यात मिसळायची ते. साथीला भजनी मंडळातला एक बासरीवाला, वरंगळला काही वर्षं शिकून आलेला, सध्या मेडिकलच्या दुकानात कामाला, आणि ढोलकी. रेकॉर्डिंग मोबाइलवर, एका बंद खोलीत भिंतींना गाद्या लावून, रात्री. दिवसा रस्त्यावरचे ट्रक आवाजात येतात.

पोराचं आणि बासरीवाल्याचं भांडण झालं ते गंधारावरून, आणि ते ऐकायला मिळालं हे माझं नशीब.

पोराने तारा अमेरिकन पद्धतीने लावल्या होत्या: सा, प, सा, ग, प, सा. मोकळ्या छेडल्या की आयती कॉर्ड. चर्चच्या गाण्याला याहून सोयीचं काही नाही, ब्लूजवाल्यांचीही ही जुनी पद्धत. अहिर भैरवात हा शुद्ध गंधार खपतो, भूपात तर शोभतो. पण पिलू घेतला की बासरीवर कोमल गंधार येतो, आणि चुकून मोकळ्या तारेला नखी लागली की शुद्ध ग खणकन मध्ये बोलतो. बासरीवाला म्हणाला, “ग काढ. नुसता सा आणि प ठेव.” पोरगा म्हणाला, “ग काढला तर माझी गाणी लंगडी होतील.” दोघंही बरोबर होते. रागाला खाली सा-प चा भरवसा पुरतो. अमेरिकन गाण्याचा जीव त्या मधल्या गंधारात.

मी न राहवून मध्ये पडले. म्हटलं, ब्लूजवाला तरी कुठे शुद्ध गंधारावर उभा राहतो? तो कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागेत पिन हलवत बसतो. आणि पिलूत दोन्ही गंधार येतात. म्हणजे तुमचं दोघांचं जमायचं असेल, तर ते पिनेखालीच जमणार, मोकळ्या तारेवर नाही. मी त्यांना ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ऐकवली. जयपूरचे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकेचे राय कूडर. १९९२च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या एका चॅपलमध्ये बसून केलेली रेकॉर्ड. वाजवायला बसण्याच्या थोडाच वेळ आधी दोघं पहिल्यांदा भेटले होते. तालीम नाही, कागद नाही. तबल्याला सुखविंदरसिंग नामधारी, आणि कूडरांचा चौदा वर्षांचा मुलगा दंबुकवर. १९९४ साली तिला ग्रॅमी मिळालं. दोन घसरणाऱ्या गिटारी एकमेकींच्या वाटेत येत नाहीत, कारण दोघांपैकी कुणीही स्वरावर धपकन उतरत नाही. दोघंही आसपास घुटमळून येतात. मला ही रेकॉर्ड बहुतेक गाजलेल्या फ्यूजनपेक्षा प्रामाणिक वाटते, तालीम न करता केलेली असूनही. कदाचित त्यामुळेच.

पोरांनी ऐकलं. चॅपलमध्ये रेकॉर्ड केली, हे पोराला आवडलं. बासरीवाला म्हणाला, “पण यात बासरी नाही.”

अन्ना त्या वेळी कानस घेऊन पिनेची धार मारत होता. आम्ही काय वाजवतोय याच्याशी त्याला घेणं नव्हतं असं मला वाटत होतं. मध्येच म्हणाला, “ती तार उतरवायची तर उतरवा, पण मग ढिली पडते. ढिली तार पिनेखाली दबते.” तिसऱ्या तारेचा ग खाली सा पर्यंत उतरवला, की ताण कमी होऊन ती झर्र करणार. म्हणजे तिथे जाड तार हवी. जाड तार आली की खाच रुंद करावी लागणार. खाच रुंद केली की माथा पातळीतून सरकणार आणि काचेखाली पुन्हा उजेड. आमचा रागाचा वाद त्याने पाच वाक्यांत लाकडावर आणून ठेवला. “तीन सूत तेच राहते,” तो म्हणाला, “खाच बदलते.”

शेवटी तोडगा निघाला तो संगीताचा नव्हे, सोयीचा. आधी पाच तुकडे आहे त्या तारांवर रेकॉर्ड करायचे. मग अन्ना एका तारेची खाच बदलून देणार, नवी तार चढणार आणि ती ताण खाऊन स्थिर झाली की पिलू घ्यायचा. तार मंचेरियालहून मागवावी लागेल. अन्नाने खाचेचे पैसे सांगितले नाहीत. पहिल्या गिटारचेही घेतले नव्हते, असं पोराकडून कळलं. चौकटीच्या गिऱ्हाइकाशी मात्र त्याने पन्नास रुपयांवरून चांगलीच हुज्जत घातली.

दुपारचा पिलू सगळ्यांत शेवटी, तोही मध्यरात्रीनंतर रेकॉर्ड होणार, यात दोघांनाही काही वावगं वाटलं नाही. “ऐकणारा दुपारीच ऐकेल ना, मॅडम,” बासरीवाला म्हणाला, आणि दुकान उघडायची वेळ झाली म्हणून निघाला.