सहकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत घेतलेला पाठ

जपानमध्ये शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा मोठा भाग त्यांच्या स्वतःच्या शाळेतच पार पडतो. त्याचा गाभा म्हणजे ‘जुग्यो केन्क्यू’, म्हणजेच पाठाचा अभ्यास. काही शिक्षक मिळून पाठ टाचण तयार करतात, एक जण तो पाठ आपल्याच वर्गाला शिकवतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात आणि वर्ग सुटल्यावर सगळे त्यावर बोलतात.

या रीतीची सुरुवात मेजी काळातली. १८७२ मध्ये तोक्योत शिक्षक विद्यालय निघाले आणि मॅरियन स्कॉट या अमेरिकी शिक्षकाने तेथे संपूर्ण वर्गाला एकत्र शिकवण्याचे तंत्र दाखवले. ते पुस्तक वाचून येणारे नव्हते. एकाने शिकवायचे, इतरांनी पाहून उणिवा सांगायच्या, ही सवय तेव्हापासून लागली. गावोगावच्या शाळांत ती नेण्यात प्रांतिक शिक्षण संघांचा हातभार लागला. नागानोतला शिनानो शिक्षण संघ १८८६ मध्ये स्थापन झाला. मात्र या संघांत अधिकारीही असत आणि युद्धकाळात ते सरकारी धोरणाचे वाहक बनले.

दुसऱ्या महायुद्धातील पराभवानंतर शिक्षकांना हा डाग पुसायचा होता. १९४७ मध्ये ‘निक्क्योसो’ ही जपानी शिक्षक संघटना उभी राहिली. आपल्या विद्यार्थ्यांना पुन्हा रणांगणावर पाठवायचे नाही, असा निर्धार तिने १९५१ च्या जानेवारीत केला आणि त्याच वर्षी निक्को येथे पहिली राष्ट्रीय शिक्षण संशोधन परिषद भरवली. वेतनासाठी लढणाऱ्या संघटनेने अध्यापनाचा अभ्यासही आपले काम मानावे, ही त्या काळातली फार मोलाची गोष्ट होती. शिक्षक आपल्या वर्गातले अनुभव लिहून आणत. स्थानिक शाखेतली चर्चा प्रांतिक बैठकीत आणि तेथून राष्ट्रीय परिषदेत पोहोचे. गणिताच्या अध्यापनावर तोयामा हिराकू यांच्या पुढाकाराने १९५१ मध्येच स्वतंत्र मंडळही निघाले.

१९५८ मध्ये अभ्यासक्रम बंधनकारक झाला आणि शिक्षण मंत्रालय व निक्क्योसो यांचे वाद चिघळले. पुढे शाळांतर्गत प्रशिक्षणाला शिक्षण मंडळांचा पाठिंबा मिळून ते सर्वत्र पसरले, तसा त्यावरचा प्रशासनाचा पगडाही वाढला. १९८९ पासून नवशिक्षकांना वर्षभराचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. परिवीक्षेचा काळ सहा महिन्यांवरून एक वर्ष करण्यात आला. त्याच वर्षी निक्क्योसो दुभंगली.

जेम्स स्टिग्लर आणि जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ च्या पुस्तकामुळे अमेरिकेत जुग्यो केन्क्यू पद्धतीची मोठी चर्चा झाली आणि तेथील शाळांत तिचे प्रयोग सुरू झाले.