दुकानाने काढलेले रेडिओ केंद्र

मालाचा खप वाढावा म्हणून व्यापारी दुकानावर पाटी लावतो, हँडबिले वाटतो, जमले तर वर्तमानपत्रात दोन इंच जागा घेतो. अमेरिकेतील शिकागो शहरात एका व्यापारी कंपनीने १९२४ साली याच्या पुढची मजल मारली. सिअर्स-रोबक नावाच्या या कंपनीने स्वतःचे रेडिओ केंद्रच उभे केले. केंद्राचे नाव ठेवले 'डब्ल्यूएलएस', म्हणजे 'वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर', जगातील सर्वात मोठे दुकान. गंमत अशी की तोवर या 'दुकाना'ला गिऱ्हाईक आत येईल असा दरवाजाच नव्हता. सूचिपुस्तक पाहून मागणी पाठवायची आणि माल टपालाने किंवा रेल्वेने घरी यायचा. कंपनीचे पहिले किरकोळ विक्रीचे दुकान त्यानंतर वर्षभराने, १९२५ साली उघडले.

या केंद्राचा इतिहास आम्ही आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांपुढे मुद्दाम ठेवत आहोत. रेडिओच्या यंत्रापेक्षा त्यामागचा धंदा आम्हाला अधिक विचार करण्यासारखा वाटतो.

सिअर्सचे बहुतेक गिऱ्हाईक खेड्यापाड्यांतील शेतकरी होते. म्हणून केंद्रावरून दिवसभर मालाची तारीफ न करता शेतकऱ्याच्या कामाची माहिती दिली जाई. शिकागोच्या बाजारातील जनावरांचे भाव, हवामान, शेतीविषयी सल्ला, गृहिणींसाठी घरकामाच्या गोष्टी. शनिवारी रात्री 'नॅशनल बार्न डान्स' हा गावाकडच्या गाणे-बजावण्याचा कार्यक्रम असे. तो १९२४ च्या एप्रिलमध्येच सुरू झाला आणि पुढे इतका चालला की १९३२ पासून एका नाट्यगृहात लोक तिकीट काढून तो पाहायला येऊ लागले. १९२५ च्या मार्चमध्ये त्या भागात भीषण चक्रीवादळ झाले, तेव्हा श्रोत्यांनी केंद्राच्या आवाहनावर दोन लाख डॉलरहून अधिक मदत पाठवली. ज्या आवाजावर माणूस आपला पैसा सोपवतो, त्या आवाजाची किंमत काय, हे व्यापाऱ्याला वेगळे सांगायला नको.

१९२८ साली सिअर्सने केंद्र 'प्रेअरी फार्मर' या शेतकऱ्यांच्या नियतकालिकाला विकले. संबंध मात्र तुटला नाही. जीन ऑट्री हा गायक १९३० नंतरच्या काही वर्षांत या केंद्रावरून गाऊ लागला आणि सिअर्सच्या सूचिपुस्तकात त्याच्या नावाची गिटार आली. ती शिकागोच्याच हार्मनी कारखान्यात बनत असे, आणि तो कारखानाही त्या काळी सिअर्सच्याच मालकीचा होता. आवाज रेडिओवर, वाद्य कारखान्यात आणि विक्री टपालाने, अशी ही साखळी होती.

आता थोडे तंत्राविषयी. हे केंद्र मध्यम लहरींवरचे, म्हणजे एएम पद्धतीचे. १९४१ पासून त्याची जागा ८९० किलोहर्ट्झ आणि शक्ती ५० हजार वॅट. एएममध्ये लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमी-जास्त होते आणि आपला संच त्या चढउतारातून आवाज काढतो. वीज चमकली किंवा शेजारी ग्राइंडर चालू झाला की त्याची लहरही त्याच उंचीत मिसळते आणि खरखर ऐकू येते. वर्कशॉपमध्ये ट्रान्झिस्टर लावणाऱ्या कारागिरांनी हा अनुभव घेतलाच आहे. या पद्धतीचा एक मोठा फायदाही आहे. सूर्य मावळल्यावर या लहरी आकाशातील वरच्या थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, त्यामुळे रात्री शिकागोचे केंद्र शेकडो मैलांवरच्या राज्यांतही ऐकू जाई.

१९६० च्या सुमारास केंद्र पूर्णपणे एबीसी या मोठ्या कंपनीच्या हातात गेले आणि त्याच वर्षी मे महिन्यात शेतीचा कार्यक्रम जाऊन तरुणांची गाणी आली. जुन्या श्रोत्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येते. धंदा मात्र जोरात चालला. केंद्र दर आठवड्याला लोकप्रिय गाण्यांची छापील यादी रेकॉर्डच्या दुकानांतून फुकट वाटत असे. गिऱ्हाईक यादीसाठी दुकानात येई आणि रेकॉर्ड घेऊन बाहेर पडे. अशी योजना आम्हाला आजही कोणत्याही दुकानदाराने उचलावी अशी वाटते.

मग एफएम आले. त्यात खरखर नाही, गाणे स्वच्छ आणि दोन्ही कर्ण्यांतून वेगवेगळे ऐकू येते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत अमेरिकेतील संगीताचा श्रोता तिकडे वळला. एएमवाल्यांकडे उत्तम यंत्रे, उंच मनोरे आणि परवाना होता, पण माल उरला नव्हता. तेव्हा त्यांनी जो माल खरखरीतही खपतो तो शोधला. तो म्हणजे बोलणे. माणसाचे बोलणे टेलिफोनच्या अरुंद तारेतूनही समजते, त्याला एफएमची गरज नाही. १९८९ च्या ऑगस्टमध्ये डब्ल्यूएलएसने गाणी बंद केली आणि ते चर्चेचे केंद्र झाले.

अशा केंद्राचा तास ठरलेला असतो. आरंभी बातम्या, मग वाहतूक व हवामान, नंतर निवेदक एखादा विषय काढतो आणि श्रोते फोन करतात. फोन आधी एक सहायक घेतो, माणूस काय बोलणार ते विचारतो आणि मगच पुढे जोडतो. आवाज काही सेकंद उशिरा प्रसारित होतो, म्हणजे कोणी शिवी दिली तर बटण दाबून ती काढता येते. मधूनमधून जाहिराती, आणि त्या बहुधा निवेदक स्वतःच्याच तोंडाने वाचतो. गिऱ्हाइकाला ती ओळखीच्या माणसाची शिफारस वाटते, म्हणून तिचा दरही चढा असतो.

या बदलामागे कायद्याचाही भाग होता. वादग्रस्त विषयावर दोन्ही बाजू मांडाव्यात असा नियम अमेरिकेत १९४९ पासून होता. तो १९८७ साली रद्द झाला. दुसऱ्याच वर्षी रश लिंबॉ या निवेदकाचा एकतर्फी राजकीय कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर जाऊ लागला. सुरुवातीला केंद्रांना तो जवळजवळ फुकट मिळे. बदल्यात जाहिरातीची काही मिनिटे कार्यक्रमवाल्यांना द्यावी लागत. शिकागोत तो अनेक वर्षे डब्ल्यूएलएसवरूनच ऐकू येई. हिशेबाने पाहिले तर सौदा स्वस्त होता. पण दिवसाचे तासन् तास बाहेरून आलेला माल विकणाऱ्या दुकानाला आपल्या मोहल्ल्याची ओळख किती राहते? शेतकऱ्याला त्याच्या जनावरांचा भाव सांगणारे केंद्र आता देशभर तोच राग, तेच भांडण विकू लागले. राग विकणे सोपे असते हे खरे, पण त्याला आम्ही चांगला व्यापार म्हणणार नाही.

मालकही बदलत राहिले. २००७ साली सिटाडेल कंपनीने डिस्नेकडून एबीसीची रेडिओ केंद्रे घेतली, त्यासाठी प्रचंड कर्ज काढले आणि डिसेंबर २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. २०११ साली क्युम्युलस कंपनीने सिटाडेल घेतली. तिच्यावरही कर्जाचा डोंगर होता आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये तिनेही तोच अर्ज केला. केंद्रावरचा निवेदक कितीही बोलका असो, मिळकतीतला मोठा वाटा व्याजात जात असेल तर गावातील बातमीदार कोणाच्या पैशाने ठेवायचा?

२०२४ साली या केंद्राला शंभर वर्षे झाली. त्याच सुमारास आणखी एक अडचण पुढे आली. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील यंत्रणा एएमच्या लहरींत तीच ग्राइंडरसारखी खरखर मिसळते, म्हणून काही कारखानदार आपल्या मोटारींतून एएम रेडिओ काढू लागले. फोर्ड कंपनीने २०२३ साली नव्या गाड्यांतून तो काढण्याचे ठरवले होते, पण विरोध झाल्यावर त्याच वर्षी मे महिन्यात निर्णय मागे घेतला. एएमची बाजू घेणाऱ्यांचा मुख्य मुद्दा गाण्यांचा नव्हता आणि राजकीय चर्चेचाही नव्हता. वादळ आले, वीज आणि टेलिफोन बंद पडले, तर दूरवरच्या खेड्यात सूचना कशी पोहोचवायची, असे ते विचारत होते.